पोच मिळेपर्यंत

१

मंगळवारी सकाळी चौकशीबाईंनी चहाचा कप उजव्या हाताला ठेवला, चष्मा पुसला, कॉम्प्युटर सुरू केला आणि पाहतात तर काय, लाइन बंद!

गेली अकरा वर्षं त्यांचा दिवस लाइनवरच उजाडत असे. लाइन म्हणजे किनाऱ्यावरच्या बंद झालेल्या बिनतारी केंद्रातल्या निवृत्त माणसांचा ईमेलचा गट. एकाने लिहिलं की सगळ्यांच्या पेटीत पोचायचं. कोणाच्या गुडघ्याचं काय झालं, कोणाची नात पोहायला शिकली, सगळं तिथे. मोठ्या वादळाच्या वर्षी मोर्सच्या चावीवर सलग छत्तीस तास कोण बसलं होतं, यावरचं भांडण तर नऊ वर्षं चालू होतं आणि ते मिटावं असं कोणालाच वाटत नव्हतं. एकेकाळी या माणसांनी भर समुद्रातल्या जहाजांशी गप्पा मारल्या होत्या. आता त्यांच्यातल्या निम्म्यांना जिना उतरणंही जमत नव्हतं. पण लाइन होती, म्हणून ती सगळी अजून ड्यूटीवर होती.

लाइनच्या जागी इंटरनेट कंपनीचं पत्र आलं होतं. बाई नावापुरत्या का होईना गटाच्या अध्यक्ष, म्हणून त्यांच्या नावे. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं.

गटाच्या सामाईक पत्त्यावरून मागच्या सोमवारपासून शनिवारपर्यंत एका व्यापाऱ्याच्या पेटीत दोन हजार पाचशे ब्याण्णव मेल टाकण्यात आले होते. पेटी तुंबली, त्याचा धंदा ठप्प झाला. हा सूडापोटी केलेला मारा असून कायद्याने गुन्हा आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत करणाऱ्याचं नाव कळवावं. नाही कळवलं तर गट कायमचा बंद होईल, साठवलेली सगळी पत्रं पुसली जातील आणि सर्व सभासदांची नावं पोलिसांकडे जातील.

व्यापारी कोण, हे सांगायची गरजच नव्हती. चार महिने झाले, त्याने सगळ्यांना भंडावून सोडलं होतं. कानाची यंत्रं विकायचा. 'ऐकू येत नाही? लाजू नका!' असं वर मोठ्या अक्षरांत आणि खाली भलंमोठं कानाचं चित्र. असे दिवसाला दहा-अकरा मेल सामाईक पत्त्यावर येत, आणि तिथून आपोआप प्रत्येकाच्या पेटीत जात. ज्यांनी कानांवर आयुष्य काढलं, त्यांनाच हे!

आणि कात्रीने तर लाइनवर जाहीर लिहिलं होतं, 'एक दिवस या कानवाल्याची पेटी अशी तुंबवतो की जन्मभर लक्षात ठेवील.' कात्री म्हणजे केंद्रातला सगळ्यात तापट ऑपरेटर. समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यायचं नाही, मध्येच कापायचं, म्हणून कात्री.

नाव तर तयारच होतं. कंपनीला लिहून टाकलं की विषय संपला.

पण चौकशीबाईंना हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. जहाजावर धाडलेली एखादी तार वाटेत हरवली की ती कुठे अडली हे शोधून काढणं, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. ज्याच्यावर सगळ्यांचं बोट, त्याच्या टेबलावर हरवलेली तार त्यांना कधीच सापडली नव्हती. त्यांनी कंपनीला दोन ओळी लिहिल्या: 'प्रत्येक मेल किती वाजून किती सेकंदांनी गेला त्याची यादी पाठवावी. नाव शुक्रवारी कळवते.'

मग त्यांनी सगळ्यांना वेगवेगळा मेल केला, 'सूड कोणी घेतला? मला एकटीला सांगा.' संध्याकाळपर्यंत प्रत्येकाचं उत्तर आलं. सूड कोणीच घेतला नव्हता.

२

लाइन बांधली होती मनोऱ्याने. हा केंद्रातल्या उंच मनोऱ्यावर चढून तारा दुरुस्त करणारा मेकॅनिक, स्वतःही ताडमाड. हे सगळं जमेल असं डोकं याच्याकडेच, म्हणजे संशय यायला कात्रीनंतर हाच.

"बाई, मला पण चोर ठरवून टाका," बुधवारी सकाळी दार उघडताच मनोरा म्हणाला. "आधी आत तर या."

खोलीत सोल्डरिंगचा वास होता. भिंतीवर केंद्राच्या शेवटच्या दिवसाचा फोटो होता: चार जणांची शेवटची पाळी, म्हणजे कात्री, मनोरा, बिनचूकराव आणि जनरेटर सांभाळणारे डिझेलमामा. त्यांच्या डोक्यावर केंद्राचं गोल घड्याळ, तबकडीवर दोन तांबड्या पाचरी रंगवलेलं.

"त्या पाचरींत काटा आला की श्वाससुद्धा जपून घ्यायचो," मनोरा म्हणाला.

"आणि फोटो काढला त्याच संध्याकाळी घड्याळ गायब झालं," बाई म्हणाल्या. "माझ्या नोकरीतली शेवटची चौकशी. फायलीत लिहावं लागलं, 'घड्याळ सापडले नाही.' एवढी एकच चौकशी हुकली हो माझी."

"अजून मनात आहे?"

"राहणारच. तुम्हा चौघांपैकीच कोणीतरी उचललं होतं ना!"

मनोरा नुसता हसला. बाईंनी कामाचं काढलं. "सामाईक पत्त्यावरून मेल नेमका कोणी पाठवला, हे तुला कळतं का?"

"नाही. पासवर्ड सगळ्यांना ठाऊक. आपल्या केंद्राची बिनतारीवरची खूणच आहे ती. आणि मी नोंद ठेवत नाही. आपल्याआपल्यात कसली नोंद ठेवायची?"

"पण सामाईक पत्ताच का वापरला असेल? स्वतःच्या पत्त्यावरूनही पाठवता आले असते."

"ते मलाही नाही उमगलं."

दहा वाजत आले तसा तो उठला. बायकोच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. महिना झाला, रोज दहा ते बारा तिला व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागत होतं, रविवार सोडून. पायात चपला सरकवता सरकवता तो म्हणाला, "डिझेलमामा गेले त्या दिवशी तेवढी सुट्टी घेतली. तीन आठवडे झाले, नाही? लाइनवर किती छान लिहिलं सगळ्यांनी."

सगळ्यांनी नव्हतं लिहिलं. बाईंनी तेव्हाच मोजलं होतं, सवयच ती. एकतिसातले मामा गेले, तीस उरले. पत्रं आली होती एकोणतीस.

३

चौकशीबाईंची भाची वकील होती. बुधवारी दुपारी तिच्या कचेरीत, फायलींच्या ढिगामागे, तिने मावशीला कायदा समजावला.

"हे बघ मावशी, न मागता जाहिरातीचा मेल पाठवणं, ज्याला स्पॅम म्हणतात, तो आपल्या कायद्यात गुन्हा नाही. पण अटी आहेत. स्वतःचं खरं नाव-पत्ता द्यायचा. विषय खोटा लिहायचा नाही. आणि खाली एक पत्ता द्यायचा, 'मेल नको असेल तर इथे कळवा' म्हणून. कोणी कळवलं की दहा दिवसांत नाव काढायचं आणि तसं कळवायचं."

"आणि कोणी चिडून उलटा मारा केला तर?"

"तो गुन्हा. दुसऱ्याची यंत्रणा मुद्दाम बंद पाडली म्हणून."

"म्हणजे घरात घुसून रोज अकरा वेळा ओरडणारा सभ्य, आणि त्याचा गळा धरणारा गुन्हेगार?"

"गळा धरणारा नेहमीच गुन्हेगार असतो गं. पण सगळं त्या 'मुद्दाम' शब्दावर आहे. करणाऱ्याच्या मनात काय होतं, ते महत्त्वाचं."

मनात काय होतं ते कळायला आधी माणूस सापडायला हवा. बाई तिथून तडक कानवाल्याकडे गेल्या.

त्याचं दुकान म्हणजे एका शिंप्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खोक्यांच्या राशी आणि तीन कॉम्प्युटर. माणूस पन्नाशीचा, वाटला होता तसा डांबरट मुळीच नव्हता. त्याने बाईंना स्वतःची खुर्ची दिली आणि आपण खोक्यावर बसला.

"माझे वडील बहिरे होऊन गेले, मॅडम," तो म्हणाला. "शेवटी शेवटी आम्ही हाक मारायचंच सोडून दिलं होतं. म्हणून या धंद्यात पडलो. यंत्रं चांगली आहेत माझी."

"असतील. पण दिवसाला अकरा वेळा?"

"त्याशिवाय कोण बघतं? आणि कायद्यात राहून करतो. खाली पत्ता देतो. ज्या पत्त्यावर मेल नको, त्याच पत्त्यावरून कळवा, असंही लिहितो."

बाईंनी मान हलवली. सामाईक पत्त्याचं कोडं सुटलं होतं. पण चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, ही जुनी सवय.

"ते मेल नेमके कुठे आले?"

"त्याच पेटीत. ती तुंबली आणि शेजारची ऑर्डरींची पेटीही अडली. सहा दिवस लोकांची पत्रं परत गेली."

"मेलांत लिहिलं काय होतं?"

"कोण उघडतंय! एकगठ्ठा पुसून टाकले. एकेक इतका जड, माझीच अख्खी जाहिरात चित्रासकट परत जोडलेली."

"आणि त्याआधी त्या पेटीत येणारे मेल? ते कोण वाचतं?"

"वाचायचंय कशाला, मॅडम? ती पेटी कायद्यापुरती असते." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

बाई उठल्या. दारात वळून त्यांनी विचारलं, "वडिलांनी कधी हाक मारली असेल, तर तुम्हाला ऐकू आली होती का?"



४

गुरुवारी सकाळी यादी आली. चोपन्न पानं. झेरॉक्सच्या दुकानात छापून गठ्ठा काखोटीला मारून बाई घरी पोचतात तो कात्री पायरीवर बसलेला.

"घाला माझं नाव," तो म्हणाला.

"नमस्कार तरी करा आधी."

"नमस्कार. घाला माझं नाव. मीच केलंय. धमकी मीच दिली होती, पुरावा आणखी काय पाहिजे?"

बाईंनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं. "कसं केलंत, सांगा बघू."

"प्रोग्राम लावला एक. रात्रंदिवस आपोआप मेल जात होते. मी मस्त घोरत होतो."

"रविवारीसुद्धा?"

"रविवारी तर दुप्पट!"

बाईंना हसू आवरेना. "कात्री, तुम्ही खोटंसुद्धा घाईत बोलता हो. रविवारी एकही मेल गेलेला नाही. आणि त्या सहा दिवसांत रोज दहा ते बारा तुम्ही लाइनवर वादळाच्या रात्रीवर पानंच्या पानं लिहीत होतात. दोन बोटांनी. मी सगळी वाचली आहेत."

कात्रीने तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच स्वतःचंच वाक्य मध्ये कापलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"मग काय करू, बाई?" तो म्हणाला. "घरी मी एकटा. मुलं लांब. सकाळी उठून कोणाशी भांडायचं, एवढीच लाइन उरलीय. ती गेली तर माझं काय राहिलं? पोलीस काय करतील या वयात? बसवतील बाकावर. निदान तिथे बोलायला माणसं तरी असतील."

बाईंना त्या तापट माणसाची फार माया वाटली. त्यांनी त्याचा पेला पुन्हा भरला. "उद्या पाचपर्यंत दम धरा," त्या म्हणाल्या. "आणि कोणाला काही लिहू नका."

"लिहू कुठे? लाइन बंद आहे ना!" असं म्हणून तो जरा हसला आणि गेला.

५

चोपन्न पानं जेवणाच्या टेबलावर मावेनात. बाईंनी ती फरशीवर ओळीने मांडली, खुर्ची मध्ये ओढली आणि हातात लाल पेन्सिल घेतली. केंद्रात एखादी तार हरवली की त्या अशाच सगळ्या वह्या पसरून बसत.

पहिली गोष्ट लगेच दिसली. मेल रोज सकाळी आठला सुरू, दुपारी चारला बंद. पाळीच्या ड्यूटीसारखे. रविवार साप्ताहिक सुट्टी.

दुसरी. मिनिटाला एक मेल, पण सेकंद दरवेळी थोडे पुढेमागे. कधी पाच, कधी नऊ, कधी दोन. यंत्राने असं कधी केलं नसतं. कोणीतरी हाताने, स्वतः बसून, एकेक मेल पाठवला होता. सूड घ्यायला असे आठ-आठ तास कोण राबेल?

मग त्यांनी आकडा धरला. आठ तासांची चारशे ऐंशी मिनिटं. दिवसाचे मेल चारशे बत्तीस. सहाही दिवस बरोबर चारशे बत्तीस, एकही कमी-जास्त नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं गेली कुठे? लाल पेन्सिल ओळीवरून सरकत गेली. सव्वाआठ ते आठ अठरा, मेल नाही. पावणेनऊ ते आठ अठ्ठेचाळीस, मेल नाही. सव्वानऊला पुन्हा तेच. दर तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटं.

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली.

जगातलं कुठलंही किनाऱ्याचं केंद्र असो, कुठलंही जहाज असो, दर तासाला सव्वा आणि पावणेच्या ठोक्याला तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं असा नियम होता. कितीही निकडीची तार असो, चावीवरून हात काढायचा आणि फक्त ऐकायचं. कुठे कोणी बुडत असेल, त्याचा सेट अधू झाला असेल, तर त्याची क्षीण हाक या तीन मिनिटांत तरी ऐकू यावी म्हणून. घड्याळावरच्या तांबड्या पाचरी त्याच्याच. तीन मिनिटं झाली की वहीत लिहायचं, 'शांतता पाळली. हाक नाही.' केंद्र बंद झालं, नियमही जुना झाला. आणि हा कोण माणूस, जो घरी बसून जाहिरातवाल्याला मेल पाठवतानाही बुडणाऱ्यासाठी थांबत होता?

बाईंना रडू आलं. कोणी बघायला नव्हतं, त्यामुळे त्यांनी ते येऊ दिलं.

डोळे पुसल्यावर तिसरी गोष्ट दिसली, आणि ती पाहून त्या खुर्चीतून उठल्याच. सोमवारी पहिला मेल आठच्या ठोक्याला. मंगळवारी आठ वाजून चाळीस सेकंदांनी. बुधवारी एक मिनिट वीस. गुरुवारी दोन मिनिटं. शांततासुद्धा तशाच रोज चाळीस सेकंद मागे सरकलेल्या. शनिवारपर्यंत तीन मिनिटं वीस सेकंद.

रोज चाळीस सेकंद मागे पडणारं घड्याळ बाईंनी आयुष्यात एकच पाहिलं होतं. त्याला सगळे आळशी म्हणत, आणि रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यावर ते पुढे करावं लागे.

घड्याळ नेलं होतं चौघांपैकी एकाने. मामा तीन आठवड्यांपूर्वी गेले. कात्री दहा ते बारा भांडत होता. मनोरा दहा ते बारा दवाखान्यात. आणि यादीत दहा ते बारा एकही मेल चुकला नव्हता.

चोवीस वर्षांत ज्याच्या हातून एकही अक्षर चुकलं नाही असा ऑपरेटर केंद्रात एकच होता. आणि मामांच्या जाण्यावर लाइनवर एक शब्द लिहिला नाही, असाही एकच.

६

शुक्रवारी दुपारी तीनला चौकशीबाई भाचीला घेऊन बिनचूकरावांच्या घरी गेल्या. लेकीने दार उघडलं आणि म्हणाली, "बाबांशी लिहूनच बोलावं लागेल. दोन वर्षं झाली, कान पार गेलेत. फोन तर बंदच. त्यांना सगळं जग त्या मेलमधूनच ऐकू येतं."

खोली लहान, लख्ख. टेबल, कॉम्प्युटर, टोकदार पेन्सिली, एक जाड वही. भिंतीवर घड्याळ. दोन तांबड्या पाचरी. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या वेळेवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती, कारण केंद्रात एकच घड्याळ असतं.

बिनचूकराव उठून उभे राहिले. बाईंकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"सोमवारी चावी देतो, तेव्हा पट्टी उचलून वेळ लावतो," ते म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ते फार हळू बोलत. "रोज लावायला हवं. पण रेडिओचे ठोके आता ऐकू येत नाहीत."

बाईंनी कागदावर लिहिलं: 'मी विचारलं, तेव्हा तुम्ही नाही का म्हणालात?'

"तुम्ही विचारलंत, सूड कोणी घेतला. मी सूड घेतला नाही, बाई. मी पोच मागितली."

त्यांनी वही पुढे केली. बिनतारी खात्याची रीत अशी की निरोप धाडला की समोरून पोच येईपर्यंत धाडत राहायचं. पोच नाही म्हणजे निरोप पोचलाच नाही. वहीत सगळं होतं. आधी दहा दिवस, रोज एकदाच: 'कृपया हा पत्ता आपल्या यादीतून काढावा. सोबत मूळ मजकूर पूर्ण जोडला आहे. पोच द्यावी.' पोच नाही. म्हणून अकराव्या दिवसापासून पाळी लावली. प्रत्येक शांततेची वेगळी नोंद होती, सहा दिवसांच्या शहाण्णव.

भाचीने वही वरून खालपर्यंत वाचली. "दहा दिवसांची मुदत यांनी पाळली, मावशी! आणि मूळ जाहिरात जोडली म्हणून मेल जड झाले. पेटी कानवाल्याच्याच चित्रांनी भरली."

'पण इतका हट्ट का?' बाईंनी लिहिलं. 'इतकी वर्षं कटकट सोसलीत.'

बिनचूकरावांनी खणातून एक छापलेला कागद काढला. डिझेलमामांचा मेल, फक्त त्यांना लिहिलेला. 'तब्येत बरी नाही. गर्दी नको. तू एकदा येऊन जा. केंद्रातलं बोलत बसू.' तारीख मामांच्या जाण्याच्या नऊ दिवस आधीची.

"शंभर जाहिरातींच्या खाली होता," ते म्हणाले. "सापडला तो मामा गेल्यावर चौथ्या दिवशी. चोवीस वर्षं हाक चुकवली नाही मी. आणि चुकवली ती मामाची." त्यांनी कागद पुन्हा खणात ठेवला. "लाइनवर काय लिहिणार होतो? म्हटलं, आधी हा गोंगाट बंद करू. आणखी कोणाची हाक याच्याखाली बुडायला नको."

लेक दारात तोंडावर हात धरून उभी होती. तिलाही हे आजच कळत होतं.

भाचीने तिथूनच कानवाल्याला फोन लावला. "तुमच्या पेटीत नाव काढण्याची रीतसर विनंती आधी दहा वेळा आली. मग दोन हजार पाचशे ब्याण्णव वेळा. हाताने पाठवलेली, वहीत नोंदलेली. तुम्ही एकही वाचली नाहीत, आणि ती पेटी कायद्यापुरती असते असं माझ्या मावशीला स्वतः सांगितलंत. दर मिनिटाला विनंती करणं कोर्टाला आवडेलच असं मी म्हणत नाही. पण आधी तुमचीच चूक निघेल. तक्रार चालवायची का?"

 मग तिने मामांच्या पत्राबद्दलही सांगितलं. कानवाल्याने इतकंच विचारलं, "पोच कुठल्या पत्त्यावर देऊ?"

फोन ठेवून भाची म्हणाली, "तक्रार मागे घेतोय. कंपनीला आत्ता कळवतो म्हणाला. लाइन पाचच्या आत चालू होईल."

बाईंनी ते कागदावर लिहिलं. बिनचूकरावांनी वाचलं आणि मान हलवली. मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "घड्याळ घेऊन जा, बाई. लिलावात जाऊन कुठल्यातरी हॉटेलात शोभेला लागलं असतं, म्हणून उचललं. पण चोरी ती चोरीच."

'कोणतं घड्याळ?' बाईंनी लिहिलं. 'फायलीत स्पष्ट आहे, सापडले नाही.'

ते हसले, आणि तेवढ्यात काटा तांबड्या पाचरीत शिरला. बिनचूकरावांनी बोट ओठांवर ठेवलं.

तेवढ्यातच कॉम्प्युटर टुणकन वाजला. पडद्यावर कानवाल्याचं नाव उमटलं. भाची लगबगीने पुढे झाली, बाईंनी तिचं मनगट धरलं. बिनचूकरावांनीही नाव पाहिलं होतं. ज्यासाठी सहा दिवस बसले, ते हाताच्या अंतरावर होतं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

पंखा फिरत होता. गल्लीतून कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. शेजारी नळाचं पाणी पडत होतं. चौकशीबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या, ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांच्याही वाटचं.

तीन मिनिटं झाली. बिनचूकराव वळले. पूर्वी प्रत्येक पाळीत शेजारचा शेजारच्याला विचारायचा, तसं त्यांनी विचारलं, "काही ऐकू आलं?"

बाईंनी वही ओढली आणि आपल्या हाताने नोंद केली: 'शांतता पाळली. हाक नाही.'

मग बिनचूकरावांनी मेल उघडला. 'आपला पत्ता यादीतून काढला आहे. उशीर झाला, माफ करा.' त्यांनी तो दोनदा वाचला, वहीत लिहिलं, 'पोच मिळाली,' आणि खाली आळशी घड्याळातली वेळ टाकली.

पाचला दहा मिनिटं असताना लाइन सुरू झाली. कात्रीचा पहिला मेल लगेच आदळला, 'छत्तीस नाही, एकतीस तास!' बिनचूकरावांनी तो बाजूला ठेवला. त्यांनी एक नवा मेल लिहायला घेतला, तो लाइनवर नव्हे, डिझेलमामांच्या पेटीच्या पत्त्यावर, जी मनोऱ्याने अजून पुसली नव्हती.

'तुझी हाक मिळाली. यायला उशीर झाला.'

या निरोपाला पोच येणार नव्हती. तो मात्र त्यांनी एकदाच पाठवला.